पावसाळी घाटासाठी स्पोर्ट्स कारचे टायर कसे निवडायचे

जोरदार इंजिनाची गाडी घेताना माणूस महिनाभर वाचन करतो, चार ठिकाणी टेस्ट ड्राइव्ह घेतो, आणि पुढे टायर बदलायची वेळ आली की दुकानदार जे काढून देईल ते बसवून घरी येतो. उन्हाळ्यात हे खपून जातं, जूनमध्ये नाही. ऑक्टाव्हिया आरएस असो, व्हर्टस जीटी असो, मिनी असो नाहीतर पोर्शे. ओल्या रस्त्यावर गाडी किती वेगात वळेल आणि कुठे थांबेल हे शेवटी टायरच ठरवतात. एबीएस, ईएसपी, ट्रॅक्शन कंट्रोल ही सगळी इलेक्ट्रॉनिक मंडळी टायरने दिलेली पकड नीट वाटून देतात. त्यात स्वतःची भर घालणं त्यांच्या हातात नसतं.

अशी गाडी पहिल्यांदाच घेतली आहे आणि ती महाराष्ट्रात किंवा गोव्यात बारा महिने चालवायची आहे, असं धरून पुढचं लिहिलं आहे. ट्रॅकवरच्या शर्यतीचं गणित निराळं, ते इथे नाही.

पायरी १ : आधी आपले रस्ते मांडा

आपल्याकडे हवामान ऋतूनुसार बदलतं तसं एकाच प्रवासातही बदलतं. जुलैमधल्या एखाद्या सकाळी चांदणी चौकातून निघालात तर तिथे रस्ता कोरडा, मुळशीला भुरभुर, ताम्हिणीत धुकं आणि मुसळधार, आणि माणगावला उतरावं तर ऊन. समृद्धी महामार्गावर तर ७०१ किलोमीटरमध्ये दोन टोकं भेटतात. जूनच्या सुरुवातीला विदर्भात चाळिशीपलीकडचं तापमान आणि तापलेलं काँक्रीट, आणि त्याच दिवशी संध्याकाळी इगतपुरीच्या बाजूला पाऊस. मधल्या सपाट पट्ट्यात वेगमर्यादा १२०. म्हणजे तोच टायर दुपारी भाजून निघणार आणि संध्याकाळी पाण्यात उतरणार.

म्हणून कागदावर तीन गोष्टी लिहा : पावसाळ्यात कोणत्या घाटात किंवा महामार्गावर जाता, रस्ता बहुतांश काँक्रीटचा की डांबरी, आणि वाटेत खड्डे किती. माझं स्पष्ट मत असं की टायर निवडावा तो वर्षातल्या सर्वांत वाईट अर्ध्या तासासाठी. फेब्रुवारीतल्या रविवारी सकाळी रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर कुठलाही बरा टायर छान वाटतो. जून ते सप्टेंबर गाडी कव्हरखाली ठेवणाऱ्यांना हे लागू नाही असं वाटेल, पण मे महिन्यातला वळीव त्यांना विचारून येत नाही.

पायरी २ : दारावरची पट्टी वाचा

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर, किंवा काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत, एक स्टिकर असतो. त्यावर टायरचा मंजूर आकार आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. समजा तिथे २२५/४० आर १८ ९२ वाय असं आहे. २२५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, इथे ९० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल आणि १८ हा रिमचा व्यास इंचांत. ९२ हा भाराचा आकडा, म्हणजे एका टायरवर ६३० किलोपर्यंत. वाय हे वेगाचं अक्षर : एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० आणि वाय ३०० किलोमीटर प्रतितास.

आपण कुठे तीनशेने जाणार, असं म्हणून खालचं अक्षर घेऊ नका. या अक्षरामागे टायरची एकूण बांधणी आणि उष्णता सहन करायची ताकदही असते. भाराचा आकडाही पट्टीवरच्यापेक्षा कमी चालत नाही. इथे एक बारकी फसगत होते. याच आकारात साधा टायर ८८ चा येतो, ९२ चा आकडा जादा भाराच्या म्हणजे एक्सएल टायरवर असतो. दोन्ही दिसायला सारखे. दुकानात फक्त आकार सांगितला तर ८८ चा पुढे येऊ शकतो. त्यामुळे आकार, भार आणि अक्षर, तिन्ही मिळून सांगा.

काही जर्मन गाड्यांच्या मूळ टायरवर खास खूण असते : पोर्शेसाठी एन आणि पुढे आकडा, बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ. त्या गाडीसाठी टायर जुळवून घेतल्याची ती खूण. मिळाला तर तोच घ्यावा. न मिळाल्यास निदान चारही टायर एकाच मॉडेलचे असावेत.

पायरी ३ : प्रकार ठरवा

बहुतेक चुकीची खरेदी इथे होते, म्हणून जरा सावकाश.

समर टायर म्हटलं की नवखा माणूस बिचकतो. त्याला वाटतं, हा उन्हाळ्याचा, म्हणजे पावसात निरुपयोगी. युरोपात ही विभागणी बर्फ आणि थंडीवरून झाली आहे. साधारण ७ अंशांच्या वर जे काही हवामान असेल, त्यात पाऊसही आला, त्यासाठी समर टायर. आपला जुलै महाबळेश्वरलाही या रेषेच्या बराच वर असतो. तेव्हा आपल्या पावसाळ्यासाठी योग्य टायर समर गटातलाच आहे.

ऑल सीझन हे नाव ऐकायला गोड लागतं, बारा महिन्यांची चिंता मिटल्यासारखं. त्याचं रबर मात्र थंडीत कडक होऊ नये म्हणून तसं बनवलेलं असतं आणि नक्षीच्या ठोकळ्यांत बर्फासाठी बारीक चिरा असतात. चाळीस अंशांत ते ठोकळे हलतात, स्टिअरिंग ढिलं लागतं, कोरड्यावर ब्रेकचं अंतर वाढतं. म्हणजे जिथे बर्फ पडत नाही तिथे बर्फाची किंमत मोजायची. मनाली-लेहच्या वाऱ्या करणाऱ्याने विचार करावा, पुणे-गोवा करणाऱ्याने सोडून द्यावं.

सेमी-स्लिक टायर दिसायला देखणे, नक्षी जेमतेम आणि रबर चिकट. त्यांना पकड यायला गरम व्हावं लागतं, आणि पावसाचं पाणी त्यांना सतत गार ठेवतं. शिवाय पाणी बाहेर काढायला चर कमी. रस्त्यावर वापरायची कायदेशीर परवानगी असणं आणि आंबोलीच्या पावसात ते घेऊन जाणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दैनंदिन गाडीला हे टायर लावूच नयेत. हौस असेल तर दुसऱ्या रिमवर वेगळा संच ठेवावा.

समर टायरमधले उरले दोन गट. पहिला टूरिंग : आरामशीर, कमी आवाजाचे, जास्त किलोमीटर देणारे. दुसरा अल्ट्रा हाय परफॉर्मन्स समर, ज्याला दुकानात यूएचपी म्हणतात. मिशलिनची पायलट स्पोर्ट मालिका, कॉन्टिनेंटलची स्पोर्टकॉन्टॅक्ट, ब्रिजस्टोन पोटेन्झा, गुडइयर ईगल एफ१, पिरेली पी झीरो, योकोहामा अ‍ॅडव्हान, आणि अपोलो विकते ती व्रेडेस्टाईन अल्ट्राक व्होर्टी ही या गटातली ओळखीची नावं. अपोलोने व्रेडेस्टाईन ही डच कंपनी २००९ मध्ये विकत घेतली, त्यामुळे ते नाव अनोळखी म्हणून टाळायचं कारण नाही.

दोनशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त हॉर्सपॉवर असेल, किंवा गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल, तर यूएचपीच घ्या. पोलो जीटी किंवा आय२० एन लाइनसारखी हलकी गाडी असेल तर चांगला टूरिंग टायरही शोभतो, आणि खड्ड्यांत तो जास्त दयाळू असतो. हे ऐकून काही मित्र नाराज होतील, पण सोळा इंचांवर ओल्यात उत्तम पकडणारा टूरिंग टायर हा साध्या कंपनीच्या स्पोर्ट नाव छापलेल्या टायरपेक्षा कधीही बरा.

पायरी ४ : पाण्याचे दोन प्रश्न वेगळे करा

ओली पकड असा एकच गुण नसतो. रस्त्यावर पाणी दोन रूपांत भेटतं आणि प्रत्येकासाठी टायरचा वेगळा भाग कामाला येतो.

पहिलं रूप पातळ थराचं : भुरभुर पाऊस, नुकताच ओला झालेला रस्ता, घाटातलं धुकं. इथे काम करतं ते रबर. ते खडीच्या बारीक उंचसखलपणात शिरून रस्त्याला धरतं. पूर्वी टायरमध्ये मुख्यतः कार्बन ब्लॅक असे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशलिनने सिलिका मोठ्या प्रमाणावर वापरात आणलं आणि ओल्या रस्त्यावरची पकड व इंधनाची बचत या दोन एकमेकींशी भांडणाऱ्या गोष्टी बऱ्याच जुळल्या. आज चांगल्या टायरमध्ये सिलिका असतंच, फरक मिश्रणाच्या दर्जात पडतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि स्वस्त टायरमध्ये नेमकी तिथेच काटछाट होते.

हा फरक किती महागात पडतो ते गणिताने पाहा. ताशी ८० ने जाणाऱ्या गाडीला घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, ०.८ मिळाला तर पूर्ण ब्रेकवर ती साधारण साडेएकतीस मीटरमध्ये थांबते. ०.६ मिळाला तर ४२ मीटर लागतात. आता भीतीदायक भाग : पहिली गाडी जिथे थांबली, त्या ठिकाणाहून दुसरी अजून ताशी ४० ने पुढे जात असते.

दुसरं रूप साचलेल्या पाण्याचं : रस्त्याच्या खोलगट भागात, ट्रकच्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीत, गटार तुंबलेल्या वळणावर. इथे रबर कितीही उंची असलं तरी आधी पाणी बाजूला व्हायला हवं, आणि ते काम चरांचं. २२५ रुंदीचा टायर ३ मिलिमीटर पाण्यातून ताशी १०० ने गेला तर त्याच्या वाटेत दर सेकंदाला सुमारे १९ लिटर पाणी येतं. काही पुढे आणि बाजूला फेकलं जातं, बाकीचं चरांतून निघावं लागतं. निघालं नाही तर टायर पाण्यावर चढतो. यालाच अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. त्या क्षणी स्टिअरिंग हलकं होतं आणि फिरवलं तरी गाडीला कळत नाही.

म्हणून नक्षी बघताना आधी उभे चर बघा, म्हणजे टायरच्या परिघाभोवती फिरणारे. यूएचपी टायरला ते सहसा तीन किंवा चार असतात. रुंद आणि खोल हवेत, आणि त्यांतलं पाणी बाहेरच्या बाजूला नेणारे आडवे चर हवेत. व्हीच्या आकाराची, एकाच दिशेने फिरणारी नक्षी पाणी फेकण्यात चांगली असते. आतबाहेर वेगळी असलेली नक्षी हल्ली यूएचपीत जास्त दिसते : आतल्या बाजूला जास्त चर पाण्यासाठी, बाहेरच्या खांद्यावर मोठे ठोकळे वळणासाठी. दोन्ही चालतात. फक्त नक्षी आक्रमक दिसते म्हणून भुलू नका. तिरकस रेघा आणि ज्वाळांची चित्रं पाणी काढत नाहीत, चराची खोली काढते.

पायरी ५ : लेबलं वाचा, पण त्यांच्या मर्यादेत

युरोपातून आलेल्या टायरवर रंगीत स्टिकर असतो. २०२१ पासून त्यावर ए ते ई अशा श्रेणी आहेत : एक इंधनाची, एक ओल्या पकडीची, आणि खाली आवाज डेसिबलमध्ये. त्यावरचा क्यूआर कोड युरोपीय संघाच्या सार्वजनिक नोंदवहीत नेतो. स्पोर्ट्स कारसाठी ओल्या पकडीत ए किंवा फार तर बी घ्या. इंधनाची श्रेणी सी आली तरी वाईट वाटून घेऊ नका.

आता मर्यादा. ही श्रेणी देताना नवा टायर जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास पाण्यावर सरळ रेषेत ताशी ८० वरून २० पर्यंत ब्रेक लावून तपासतात. म्हणजे वरच्या दोन प्रश्नांपैकी फक्त पहिल्याचं उत्तर. साचलेल्या पाण्याबद्दल, वळणाबद्दल, वीस हजार किलोमीटर झिजल्यानंतरच्या टायरबद्दल ते अक्षर काहीच सांगत नाही.

टायरच्या भिंतीवर अमेरिकी पद्धतीचे तीन शेरेही कोरलेले असतात. ट्रॅक्शनमध्ये एए सर्वांत वरचा, पण तीही ओल्या डांबरावर आणि ओल्या काँक्रीटवर सरळ घसरवून केलेली चाचणी. एए साठी डांबरावर घर्षणांक ०.५४ च्या वर लागतो आणि काँक्रीटवर फक्त ०.३८ च्या वर. चाचणीतलं ओलं काँक्रीट जास्त निसरडं असतं हे त्या आकड्यांतच मान्य केलेलं आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे काँक्रीटचा आहे हे लक्षात असू द्या. ट्रेडवेअरचा आकडा झिजेचा. साधारणपणे २०० किंवा त्याखाली म्हणजे ट्रॅककडे झुकलेला टायर. ३०० च्या आसपास बहुतेक उत्तम यूएचपी येतात. ५०० दिसला तर तो कडक रबराचा, लांब चालणारा टायर समजा. हे आकडे कंपन्या स्वतःच ठरवून छापतात, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करणं फार विश्वासाचं नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वतंत्र चाचण्यांत सापडतं. जर्मनीतला एडीएसी हा मोटारक्लब आणि आउटो बिल्ड हे नियतकालिक दरवर्षी टायर एकमेकांशी लढवतात. त्यांच्या तक्त्यात ओलं ब्रेकिंग, ओल्या वळणातली हाताळणी आणि अ‍ॅक्वाप्लेनिंग हे रकाने वेगवेगळे असतात. एकूण क्रमांक वाचून थांबू नका, हे तीन रकाने वाचा. कोरड्यात पहिला आलेला टायर अ‍ॅक्वाप्लेनिंगमध्ये मधेच कुठेतरी आलेला दिसतो, असं बऱ्याचदा होतं. आकार मात्र तुमच्या आकाराच्या जवळपासचा असलेली चाचणी शोधा.

भारतात विकायच्या टायरवर आयएसआय खूण बंधनकारक आहे. जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आलं, त्यामुळे एखादं मॉडेल जगभर गाजत असलं तरी तुमच्या आकारात ते इथल्या दुकानात असेलच असं नाही. यादीत दोन-तीन नावं ठेवा. खूण नसलेला, कुणीतरी ओळखीतून आणून दिलेला टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

पायरी ६ : रुंदीचा मोह

टायर बदलताना एक इंच वाढवू, थोडा रुंद करू, ही इच्छा प्रत्येकाला होते. व्यास तीन टक्क्यांच्या आत राहिला तर स्पीडोमीटर आणि ईएसपी बिघडत नाहीत हे खरं. २०५/५५ आर १६ चा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर, २२५/४५ आर १७ चा ६३४, आणि २२५/४० आर १८ चा ६३७. गणित जुळतं. पण रुंद टायरला त्याच वेगात जास्त पाणी बाजूला करावं लागतं आणि गाडीचं वजन तर तेवढंच असतं. म्हणून साचलेल्या पाण्यावर रुंद टायर आधी चढतो.

त्यात आपले खड्डे. पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरला की तो दिसतच नाही. ९० मिलिमीटरची भिंत त्यात आपटली की रिम वाकतो किंवा आतले धागे तुटून भिंतीला फुगा येतो. फुगा आलेल्या टायरवर इलाज नाही, तो फेकायचाच. तुमच्या गाडीच्या मॉडेलला कंपनीने १७ आणि १८ असे दोन्ही रिम दिले असतील तर पावसाळी रस्त्यांसाठी १७ घ्या. दिसायला थोडं कमी, बाकी सगळ्यात जास्त. कंपनीच्या यादीबाहेरचा आकार लावला तर अपघातानंतर विम्याच्या वेळी प्रश्न उभे राहू शकतात, तेही ध्यानात घ्या.

पायरी ७ : दुकानात उभं राहून बघायचं ते

भिंतीवर डीओटी अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे शोधा. २३२५ म्हणजे २०२५ मधला तेविसावा आठवडा. सहा-आठ महिने जुना टायर बिनधास्त घ्या. दोन वर्षं गोदामात पडलेला सवलतीत मिळत असला तरी नको म्हणा, कारण रबर पडून राहिलं तरी कडक होतं. स्पोर्ट्स कारच्या मालकांना हे विशेष लागू आहे. गाडी फक्त सुटीला बाहेर निघते, नक्षी नव्यासारखी राहते आणि टायर मात्र आतून म्हातारा होतो. सहा वर्षांच्या टायरची नक्षी कितीही भरलेली असो, ओल्यात त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

बसवताना स्वतः उभं राहा. एकदिश नक्षीच्या टायरवर बाण असतो, तो पुढे जाण्याच्या दिशेला हवा. आतबाहेर वेगळ्या नक्षीवर आउटसाइड असं लिहिलेलं असतं, ती बाजू बाहेरून दिसली पाहिजे. उलटं बसलेलं चाक मी चांगल्या झगमगीत दुकानांतूनही बाहेर पडलेलं पाहिलं आहे. व्हॉल्व्ह नवे घ्या, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करा. पुढे-मागे वेगळ्या रुंदीचे टायर असतील तर अदलाबदल करता येत नाही, हे आधीच खर्चात धरा.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावायचे, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. हे ऐकून टायरवाला वाद घालेल, कारण झिजतात पुढचे. पण पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, तुम्हाला कळतं आणि पाय उचलला की पकड परत येऊ शकते. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि घाटात फिरायला जागा नसते. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत नक्षीच्या खोलीतला फरक किती चालतो हे मालकाच्या पुस्तकात बघा. बहुधा चारही एकदम बदलावे लागतात.

रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर, काढून साधे टायर लावणार असाल तर अशा बहुतेक गाड्यांत स्टेपनी नसते, हे विसरू नका. हवा भरायचा पंप आणि पंक्चर किट डिकीत हवंच.

पायरी ८ : हवा आणि खोली

पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करायची, हा सल्ला अजून ऐकू येतो. तो चुकीचा आहे. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून दाखवलं की टायर पाण्यावर चढण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी बांधलेला असतो. त्या सूत्राने ३२ पीएसआयला हा वेग साधारण ९४ किलोमीटर येतो आणि २६ पीएसआयला ८५. हे गणित गोटा झालेल्या टायरचं, किंवा चरांपेक्षा खोल पाण्याचं आहे. चांगली नक्षी असेल तर वेळ जरा उशिरा येते. पण दिशा स्पष्ट आहे : कमी हवा म्हणजे कमी वेगातच सुटलेली पकड.

दाब सकाळी, टायर थंड असताना मोजा, पट्टीवरच्या आकड्याइतका ठेवा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब सुमारे एक पीएसआयने उतरतो. मेच्या दुपारी पंपावर गरम टायरमध्ये भरून घेतलेली हवा जूनच्या पावसात त्यामुळे कमी पडते. पंधरवड्यातून एकदा तपासलं की पुरे. नायट्रोजन भरायचा तर भरा, नाही भरला तरी काही बिघडत नाही.

खोली मोजायचा छोटा गेज घ्या, फार महाग नसतो. नवा टायर ७ ते ८ मिलिमीटरच्या आसपास असतो. कायद्याने गाडीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर लागतात, आणि चरांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे त्याच खोलीवर नक्षीला येऊन मिळतात. त्यांची वाट पाहू नका. ३ मिलिमीटरच्या खाली साचलेलं पाणी काढायची ताकद झपाट्याने उतरते. मेमध्ये खोली ४ च्या आत असेल तर पावसाळ्याआधीच बदला, कारण कोकणात पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत येतोच आणि त्या सुमारास दुकानात तुमचा आकार संपलेला असू शकतो. मोजताना आतली कडही मोजा. अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीत बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि आतली कड गुळगुळीत झालेली असते.

पायरी ९ : नवे टायर, पहिला पाऊस

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठीचा पातळ थर असतो. पहिले तीनशे किलोमीटर सौम्य चालवा, शक्यतो कोरड्यात. टायर मेमध्ये बदलायचं हेही एक कारण.

पहिल्या सरीत रस्ता सर्वांत वाईट असतो. आठ महिन्यांचं तेल, धूळ आणि झिजलेलं रबर वर येतं. चांगला पाऊस होऊन ते वाहून गेलं की परिस्थिती सुधारते. कोकणात रस्त्यावर उतरलेला तांबड्या मातीचा चिखल, घाटातल्या कठड्यालगतचं शेवाळ, पुलावरच्या लोखंडी पट्ट्या, पांढऱ्या रंगाचे पट्टे आणि पेव्हर ब्लॉक यांवर कुठल्याच टायरची मात्रा चालत नाही. तिथे वळतावळता ब्रेक किंवा ॲक्सिलरेटर नको. स्पोर्ट मोड बंद, ट्रॅक्शन कंट्रोल चालू, क्रूझ कंट्रोल बंद. शंभरवरून ऐंशीवर आलात की ब्रेकचं अंतर जवळजवळ ३६ टक्क्यांनी कमी होतं. कुठल्याही टायरबदलापेक्षा हे स्वस्त आहे. स्टिअरिंग एकाएकी हलकं लागलं तर पाय हळूच उचला, चाक सरळ धरा, ब्रेकवर उडी मारू नका. टायर पुन्हा रस्त्याला टेकल्यावर मगच बाकीचं.

परदेशात गाडी असलेल्यांसाठी

म्युनिकमध्ये किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या वाचकांनी तिसरी पायरी उलटी वाचावी. जर्मनीत बर्फ किंवा गोठलेला रस्ता असताना हिवाळी क्षमतेचा टायर कायद्याने लागतो, आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर डोंगर आणि हिमकणाची खूण असणं आवश्यक आहे. नुसती एम+एस ही चिखल-बर्फाची जुनी खूण चालत नाही. तिथे यूएचपी समर आणि हिवाळी असे दोन संच ठेवणं सर्वांत चांगलं. न्यू जर्सीत जागेअभावी एकच संच ठेवायचा असेल तर अमेरिकेत मिळणारे यूएचपी ऑल सीझन ही योग्य तडजोड आहे, फक्त जोरदार हिमवर्षावात गाडी घरी ठेवायची. समर टायर शून्याखाली लावलेले असतील तर गाडी हलवूही नका. गोठलेलं रबर वाकताना तडकू शकतं, म्हणून कंपन्या तसा इशारा देतात आणि अशी तडक वॉरंटीत बसेलच असं नाही. काढलेला संच उन्हापासून दूर, कोरड्या आणि गार जागी ठेवा. रिमवर असेल तर आडवा रचून, नुसता टायर असेल तर उभा, आणि अधूनमधून थोडा फिरवून.